गाडीची टचस्क्रीन सतत हँग होते, काळी पडते, आपोआप दाबली जाते: हेड युनिट बदलण्याआधी हे तपासा

गाडी सुरू केली की स्क्रीनवर लोगो येतो आणि तिथेच अडकतो. किंवा नकाशा चालू असताना स्क्रीन मध्येच काळी होते, दोन-तीन मिनिटांनी परत येते, आठवडाभर काही त्रास देत नाही आणि मग पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटरला नेली की तिथे सगळं सुरळीत चालतं आणि शेवटी सल्ला मिळतो, हेड युनिट (स्क्रीन आणि आवाज चालवणारा मधला संगणक) बदला. हा सगळ्यात महाग उपाय आहे आणि बऱ्याचदा चुकीचाही, कारण बिघाड बारा व्होल्टच्या बॅटरीत, अर्थच्या (बॅटरीचं निगेटिव्ह टोक ते गाडीची धातूची बॉडी) जोडणीत, फोनच्या केबलमध्ये किंवा पेन ड्राइव्हवरच्या एखाद्या खराब फाइलमध्ये असू शकतो. नवं युनिट बसवलं तरी बॅटरी, केबल आणि फोन तेच राहतात, आणि तक्रार परत येते.

खालचा क्रम सोप्या तपासणीपासून अवघड तपासणीकडे जातो. तो मोडू नका. विशेषतः फॅक्टरी रीसेट घाईने करू नका, त्यात एरर लॉग पुसले जाऊ शकतात आणि मेकॅनिकच्या हातातला पुरावा जातो.

चालत्या गाडीत स्क्रीन गेली तर

ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि इंजिन यांची नियंत्रणं वेगळ्या कंट्रोल युनिटवर असतात, त्यामुळे मधली स्क्रीन बंद पडली म्हणून गाडी थांबत नाही. रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र आणि नकाशा मात्र जातात. एसी आणि डिफॉगर (काचेवरचं धुकं घालवणारी सोय) फक्त स्क्रीनवरच असतील तर तेही हाताबाहेर जातात. काही गाड्यांत इंडिकेटरची टिकटिक हेड युनिटमधूनच येते, ती बंद झाली तरी बाहेरचा दिवा लागत असतो. वेगाचा आकडाही त्याच स्क्रीनवर असेल किंवा पुढची काच धुरकट होऊ लागली असेल, तर खिडक्या थोड्या उघडा, गाडी बाजूला घ्या आणि उभ्या गाडीतच रीस्टार्ट करा.

बंद-चालू केलं म्हणजे रीस्टार्ट झालं, असं नाही

हल्लीच्या बहुतेक गाड्यांत इग्निशन बंद केल्यावर हेड युनिट पूर्ण बंद होत नाही, झोपतं. पुढच्या वेळी स्क्रीन लगेच उजळावी म्हणून ही सोय असते. म्हणजे इग्निशन दहा वेळा बंद-चालू केलं तरी मेमरीत अडकलेली प्रक्रिया तशीच अडकलेली राहू शकते. खरा रीस्टार्ट असा करायचा:

१. आवाजाचा किंवा पॉवरचा नॉब १० ते २० सेकंद दाबून धरा. स्क्रीन काळी होऊन लोगो परत आला की सोडा. ज्या गाड्यांत नॉब नाही तिथे दोन बटणांची जोडी असते. उदाहरणार्थ, टेस्लाच्या बऱ्याच मॉडेलमध्ये स्टिअरिंगवरची दोन्ही चाकं एकदम दाबून धरावी लागतात. आपल्या गाडीची जोडी मॅन्युअलमध्ये पाहून आधीच पाठ करा.

२. असं बटणच नसेल तर गाडी बंद करा, चालकाचं दार उघडून लावा, गाडी लॉक करा, चावी घेऊन लांब जा आणि १५ ते ३० मिनिटं थांबा. चावी जवळ असेल तर काही गाड्या जाग्याच राहतात.

३. बॅटरीची तार काढून रीसेट करणं हा शेवटचा मार्ग. त्यात खिडक्यांची वन-टच सेटिंग, स्टिअरिंग अँगल, रेडिओ कोड अशा गोष्टी पुन्हा कराव्या लागू शकतात.

रीस्टार्टनंतर बरेच दिवस त्रास नसेल तर सॉफ्टवेअरकडे संशय जातो. त्याच दिवशी पुन्हा झालं तर पुढे चला.

केव्हा होतं, हे लिहून ठेवा

निम्मं निदान इथेच होतं. इंजिन सुरू करताच होतं का? गाडी दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर होतं का? फक्त फोन जोडलेला असतानाच? उन्हात उभी असलेली गाडी घेतल्यावर पहिली दहा मिनिटंच? गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या स्टार्ट-स्टॉपने इंजिन परत सुरू होताना? प्रत्येक वेळी तारीख, वेळ, किलोमीटर, बाहेरचं तापमान आणि फोन कसा जोडला होता, एवढं टिपा. शक्य असेल तेव्हा सोबतच्या माणसाला व्हिडिओ घ्यायला सांगा. सिस्टिम माहितीच्या पानावरचा सॉफ्टवेअर आवृत्तीचा आकडाही फोटो काढून ठेवा.

सुरू करतानाच बिघडत असेल तर व्होल्टेज मोजा

हेड युनिट हा एक संगणक आहे आणि त्याला स्थिर व्होल्टेज लागतं. स्टार्टर फिरताना बॅटरीचं व्होल्टेज खाली जातं. बॅटरी अशक्त असेल तर ते इतकं खाली जातं की युनिट अर्धवट बंद होऊन अर्धवटच उठतं. गाडी मात्र सुरू होते, म्हणून बॅटरीकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी लॉक करून काही तास उभी ठेवा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. पूर्ण भरलेली साधी लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, एजीएम प्रकारची (ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेली) त्याहून थोडं जास्त. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. आता कोणाला तरी इंजिन सुरू करायला सांगा आणि आकडा बघत राहा. स्टार्टर फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीची लोड टेस्ट (भार देऊन केलेली तपासणी) करून घ्या. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ च्या दरम्यान दिसायला हवं. स्मार्ट अल्टरनेटर (गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करणारा) असलेल्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम वर-खाली होतो, तेव्हा एका क्षणाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

बॅटरी चांगली निघाली तर अर्थ बघा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी बॉडीच्या उघड्या धातूवर धरून स्टार्टर फिरवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलेला आहे. पट्टी सोडवून दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासून परत घट्ट करायची. स्क्रीन झपझप करणं, स्पीकरमधून घरघर आणि अधूनमधून रीस्टार्ट या तीन तक्रारी एकत्र दिसल्या की पहिला हात अर्थवर जायला हवा.

इलेक्ट्रिक गाडीतही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि स्क्रीन तिच्यावरच चालते. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली दिसते म्हणून छोटीला निर्दोष मानू नका.

निगेटिव्ह खांबावर बॅटरी सेन्सर (बॅटरीत जाणारा-येणारा करंट मोजणारा) असेल तर चार्जरचा काळा चिमटा खांबाला न लावता बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा, नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते. ते राहून गेलं तर नवी बॅटरीही नीट चार्ज होत नाही आणि स्क्रीनची तक्रार कायम राहते.

गाडी काही दिवस उभी राहिल्यावरच त्रास होत असेल तर उभ्या गाडीत करंट कोण खातंय ते बघा. सगळी मॉड्युल, म्हणजे गाडीतली कंट्रोल युनिटं, झोपल्यावर साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत राहायला हवं. झोपायला गाडीनुसार २० मिनिटांपासून तासभर लागू शकतो, त्याआधी मोजलेला आकडा फसवा असतो. मीटर लावण्याआधी एक सोपी चाचणी करा: डॅशकॅमची कायमची जोडणी आणि ओबीडी पोर्टमधला (मेकॅनिक स्कॅनर लावतो तो सॉकेट) डोंगल आठवडाभर काढून ठेवा. असा डोंगल गाडीच्या नेटवर्कला झोपूच देत नाही, असं सर्रास आढळतं.

घड्याळ आणि सेटिंग काय सांगतात

हेड युनिटला साधारण दोन पुरवठे येतात, एक कायमचा आणि एक इग्निशनबरोबर येणारा. प्रत्येक वेळी गाडी सुरू केल्यावर घड्याळ, रेडिओची स्टेशनं आणि ब्लूटूथ जोडणी पुसलेली सापडली, तर कायमचा पुरवठा तुटतोय. फ्यूज काढून बघा, पाय काळे पडलेत का, जागेवर सैल बसतोय का. बदलताना त्याच अँपिअरचा घ्यायचा, जास्तीचा कधीही नाही.

घड्याळ भलत्याच वर्षात अडकलं असेल तर मात्र फ्यूजच्या मागे लागू नका. जुन्या जीपीएस संदेशात आठवड्यांची मोजणी १०२४ ला संपून शून्यावर येते, म्हणजे सुमारे १९.६ वर्षांनी. जानेवारी २०२२ मध्ये होंडा आणि तिच्याच अक्युरा ब्रँडच्या अनेक जुन्या गाड्यांची घड्याळं २००२ मध्ये गेली, ती याच मोजणीच्या घोळामुळे. त्यावर उपाय सॉफ्टवेअरचाच.

फोन जोडल्यावरच बिघडत असेल तर

आधी दोन दिवस फोन न जोडता गाडी चालवा. एरवी रोज होणारी तक्रार थांबली तर संशय युनिटपेक्षा फोन आणि केबलवर जातो; ती आठवड्याने येत असेल तर तेवढे दिवस थांबा. मग दुसरा फोन, त्यानंतर दुसरी केबल, असं एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणती दोषी होती ते कळत नाही.

केबल डेटा वाहणारी हवी, फक्त चार्जिंगची नको. लांबी एक मीटरच्या आत ठेवा, मध्ये हब किंवा एक्स्टेंशन नको. फोनच्या पोर्टमध्ये खिशातला कापसासारखा मळ दाबून बसतो. प्लग आत गेला तरी किंचित बाहेर राहतो, आणि खड्ड्यात गाडी आपटली की जोडणी तुटते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो अलगद काढा, धातूची पिन वापरू नका.

जुनी जोडणी पुसायची तर दोन्ही बाजूंनी पुसा. गाडीच्या यादीतून फोन काढा आणि फोनमधून गाडी. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, कारप्ले असं जाऊन गाडी निवडा आणि विसरायला सांगा. अँड्रॉइडमध्ये अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये आधी जोडलेल्या गाड्यांची यादी असते, तिथून काढा. ब्लूटूथच्या यादीतूनही काढायला विसरू नका. मग दोन्ही रीस्टार्ट करून नव्याने जोडा.

वायरलेस जोडणीत ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं, चित्र आणि आवाज वाय-फायवरून जातात. म्हणून फोनवर व्हीपीएन किंवा हॉटस्पॉट चालू असेल तर जोडणी तुटू शकते. अँड्रॉइड ऑटोवरचं बॅटरी बचतीचं बंधनही काढा. आणखी एक कारण हमखास नजरेतून सुटतं: फोन वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर, वरून ऊन, आणि त्यातच फोनचं चित्र वायरलेसने गाडीच्या स्क्रीनवर. फोन तापतो, स्वतःला आवर घालतो आणि स्क्रीनवरचा नकाशा थिजतो. फोन पॅडवरून उचलून सावलीत ठेवल्यावर तक्रार गेली तर उत्तर मिळालं.

गाण्यांचा पेन ड्राइव्ह लावून ठेवला असेल तर तोही काढून बघा. गाडी सुरू होताच युनिट त्यातल्या सगळ्या फाइली वाचून यादी बनवतं, आणि एखादी खराब फाइल त्याला तिथेच अडकवू शकते. बाहेरून आलेली फाइल किती नुकसान करू शकते याचं ठळक उदाहरण अमेरिकेत सिॲटल परिसरात २०२२ च्या सुरुवातीला दिसलं. एका एफएम स्टेशनने डिजिटल प्रसारणात नावाच्या शेवटी .jpg सारखं एक्स्टेंशन नसलेल्या चित्रांच्या फाइली पाठवल्या आणि २०१४ ते २०१७ च्या काही माझदा गाड्यांची युनिटं सतत रीबूट होत राहिली. स्टेशन बदलणंही अशक्य झालं.

हळूहळू मंद होत गेलेलं युनिट

सुरुवातीला वीस सेकंदांत उठणारी स्क्रीन आता दोन मिनिटं घेते, नकाशा अडखळतो, मग काळी पडते. हा प्रवास महिन्यांचा असेल तर साठवणुकीच्या चिपकडे बघा. फ्लॅश मेमरीवर लिहिण्याला मर्यादा असते, आणि सॉफ्टवेअर सतत लॉग लिहीत राहिलं तर ती झिजते. टेस्लाने २०२१ मध्ये अमेरिकेत जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स मिळून सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. त्यातली ८ जीबीची चिप झिजली की स्क्रीन जायची, आणि तिच्याबरोबर रिव्हर्स कॅमेरा व डिफॉगरची सेटिंगही. कॅमेरा आणि डिफॉगर गुंतले म्हणूनच तो सुरक्षेचा प्रश्न ठरला. आपल्या गाडीसाठी असं काही रिकॉल आहे का, हे चॅसी नंबरवरून कंपनीकडे विचारा, वॉरंटी संपली असली तरी.

तोवर जागा मोकळी करा: डाउनलोड केलेले नकाशे, न वापरलेली ॲप्स, जुन्या मालकाची प्रोफाइलं. सुधारणा झाली नाही तर आता फॅक्टरी रीसेट करा. आधी खाती बाहेर काढा आणि गाडीचं ॲप फोनवरून वेगळं करा.

आपोआप दाबली जाणारी स्क्रीन

हल्लीच्या बहुतेक टचस्क्रीन बोटामुळे बदलणारा विद्युतभार ओळखतात. ओलावा, सॅनिटायझरचा थर, कडा सुटलेला स्क्रीनगार्ड आणि हलक्या दर्जाच्या चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट यांमुळेही तो बदलतो. म्हणून चार्जर काढा, स्क्रीनगार्ड काढा, मायक्रोफायबर कापड डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलं करून पुसा आणि रीस्टार्ट करा. पाणी कापडावर घ्यायचं, स्क्रीनवर फवारायचं नाही, कारण ते खालच्या कडेतून आत जातं. अमोनिया असलेला काच-क्लिनर वापरू नका, त्याने वरचा थर उतरतो.

एवढं करूनही त्रास असेल तर खोटे स्पर्श कुठे होतात ते बघा. नेहमी एकाच पट्टीत किंवा एकाच कडेला होत असतील तर टच पॅनल किंवा त्याची चौकट दाबली गेली आहे. संपूर्ण स्क्रीनवर कुठेही होत असतील तर पुन्हा अर्थ आणि चार्जरकडे वळा. काचेखाली बुडबुडे किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर चिकट थर सुटलाय. सॉफ्टवेअर अपडेट त्याला काही करू शकत नाही. मात्र बऱ्याच युनिटमध्ये वरचं टच पॅनल तेवढं बदलता येतं, हे आधी विचारून घ्या.

बिघाड फक्त उन्हात होत असेल आणि गाडी थंड झाल्यावर जात असेल, तर ते युनिटचं स्वतःला वाचवणं आहे. डॅशबोर्डच्या जाळ्या झाकू नका, पुढच्या काचेला सनशेड लावा.

स्क्रीन ठीक, फक्त कॅमेरा काळा

मागच्या दरवाजात कॅमेरा असेल तर तार बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जाते आणि दरवाजा हजारदा उघडून-मिटून आतल्या आत तुटते. चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशनवर रिव्हर्स लावता येत असेल तर तसा लावा. मग दुसऱ्याला दरवाजा हळूहळू हलवायला सांगा. चित्र मध्येच येऊन जात असेल तर तार तिथेच तुटलीय. रबर मागे सरकवलं की फाटलेलं इन्सुलेशन डोळ्यांना दिसतं. त्यासाठी हेड युनिटला हात लावायची गरज नाही. स्टिअरिंगवरची बटणं, हॉर्न आणि एअरबॅगचा दिवा या तिघांत एकदम गडबड असेल तर दोष स्टिअरिंगमधल्या गुंडाळलेल्या केबलचा, म्हणजे क्लॉक स्प्रिंगचा. तिथे एअरबॅग असते, ते काम स्वतः करू नका.

स्क्रीनवर अवलंबून राहणं कमी करा

स्क्रीन दुरुस्त झाली तरी ही तयारी हवीच. काचेवरचं धुकं, वायपर, हॅझर्ड दिवे आणि तापमान यांना हाताला लागणारं बटण असायलाच हवं, हे आमचं ठाम मत आहे. स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने चाचणी घेतली. तापमान वाढवणं, रेडिओ लावणं अशी ठरावीक कामं बटणांच्या २००५ च्या व्होल्व्हो व्ही७० मध्ये १० सेकंदांत आणि ३०६ मीटरमध्ये झाली. सर्वांत मागे राहिलेल्या नव्या टचस्क्रीनवाल्या गाडीला त्याच कामांना ४४.९ सेकंद लागले, तेवढ्यात ती १,३७२ मीटर पुढे गेली. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांच्या प्रत्यक्ष बटणांना गुणांकनात स्थान दिलंय.

आहे त्या गाडीत काय करता येईल? एसी ऑटोवर ठेवा आणि एकच तापमान ठरवा, म्हणजे स्क्रीनला हात लावायची वेळ कमी येते. स्टिअरिंगवर चांदणीचं चिन्ह असलेलं किंवा मोकळं बटण असेल तर त्याला सगळ्यात जास्त लागणारं काम द्या. शॉर्टकटच्या पट्टीत डिफॉगर पहिल्या जागी आणा. प्रत्येक सॉफ्टवेअर अपडेटनंतर गाडी हलवण्याआधी हे सगळं तपासा, कारण अपडेटमध्ये चिन्हांच्या जागा बदलतात. यूएसबीवरून अपडेट करत असाल तर ड्राइव्ह कंपनीने सांगितलेल्या फॉरमॅटमध्येच करा, त्यात दुसरी एकही फाइल ठेवू नका, आणि पूर्ण होईपर्यंत पुरवठा तुटू देऊ नका.

नवी गाडी बघायला गेलात तर उभ्या गाडीत स्क्रीन बंद करा आणि फक्त हाताने चाचपून डिफॉगर लावून बघा. अंधारातही बघा. स्पर्शाच्या काही पट्ट्यांना रात्री दिवाच नसतो.

सर्व्हिस सेंटरला काय सांगायचं

“स्क्रीन हँग होते” एवढंच सांगितलं तर रीस्टार्ट करून गाडी परत मिळते. नोंद आणि व्हिडिओ दाखवा आणि जॉब कार्डवर तीन कामं लिहून घ्या: बॅटरीची लोड टेस्ट, हेड युनिटमधले फॉल्ट कोड पुसण्याआधी त्यांची छापील प्रत, आणि सध्याची तसंच उपलब्ध सॉफ्टवेअर आवृत्ती. कोडमध्ये कमी व्होल्टेजची नोंद किंवा इतर मॉड्युलशी संपर्क तुटल्याच्या नोंदी असतील तर युनिट बदलायला नकार द्या आणि आधी पुरवठा दुरुस्त करायला सांगा. तरीही युनिट बदलणं भाग पडलं, तर नवं युनिट गाडीच्या चॅसी नंबरशी जुळवावं लागतं का ते विचारा. जुन्या गाडीतून काढलेलं युनिट काही कंपन्यांच्या गाड्यांत चोरीविरोधी कुलपामुळे चालतच नाही, म्हणून ते विकत घेण्याआधी कोडिंग करून देणार कोण, हे ठरवून घ्या.